जुन्या सागवानाचे नवे घर : सुरतेकडून शिकण्याजोगी सजावट

जुने घर पाडायला घेतले की ठेकेदार सर्वप्रथम दारे-खिडक्या उतरवतो. त्यानंतर तुळया, वासे, जिन्याच्या पायऱ्या आणि सर्वांत शेवटी विटा. ज्याला गिऱ्हाईक आहे ते जुन्या लाकडाच्या वखारीत किंवा भंगारअड्ड्यावर पोहोचते. ज्याला नाही ते राडारोडा होऊन गावाबाहेर जाते. सुरतेचे गोपीपुरा असो, तापीच्या पलीकडचे रांदेर असो, की गोव्यातील एखादा जुना वाडा, क्रम बहुधा हाच.

या उतरवलेल्या सामानाला अलीकडे घरसजावटीत मानाचे स्थान मिळू लागले आहे. ग्रामीण वळणाची, ओबडधोबड लाकडाची, उघड्या विटांची आणि मातकट रंगांची ही शैली 'रस्टिक' या नावाने परिचित आहे. मात्र, टाकाऊतून टिकाऊ या उक्तीच्या आड दोन अगदी वेगळ्या गोष्टी वावरतात. पहिली म्हणजे खरोखर वाया जाणाऱ्या वस्तूला पुन्हा काम देणे. दुसरी म्हणजे जुनेपणाचा देखावा विकत घेणे. पहिलीत पैसा, जंगल आणि कारागिरी वाचते. दुसरीत यांपैकी काहीच वाचत नाही. प्रसंगी उभे घर मात्र पडते. हा भेद समजून घ्यायचा तर सुरतेसारखे दुसरे शहर सापडणे कठीण.

सागवानाचे शहर

सुरतेच्या आग्नेयेस डांगचे जंगल आहे. तेथील साग इतका मोलाचा मानला जाई की १८४२ मध्ये ब्रिटिशांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे भाड्याने घेतले. जहाजबांधणीसाठी लाकूड हवे, हे त्यामागचे प्रमुख कारण. जहाजबांधणीची विद्याही सुरतेत जुनीच. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे कारागीर १७३६ मध्ये मुंबईत गोदी उभारण्यासाठी गेले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीड शतक सागवानी जहाजे बांधली. त्याच घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईत बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. मलबारच्या सागवानाची ही नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

दोनशे वर्षे खाऱ्या पाण्यात टिकणारे लाकूड घराच्या तुळईत किती काळ टिकेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे पाणी सहजी मुरत नाही आणि वाळवीही चटकन लागत नाही. पूर्ण वाढलेल्या जुन्या झाडाच्या गाभ्यातून काढलेले लाकूड, आजच्या लागवडीतील कोवळ्या सागाच्या तुलनेत, सहसा अधिक दाट व स्थिर असते. शिवाय, शंभर पावसाळे पाहिलेल्या लाकडाचे आकुंचन-प्रसरण बऱ्याच अंशी होऊन गेलेले असते. त्याचे दार नव्या लाकडाच्या दारासारखे लगेच वाकत नाही. जुन्या सागवानाला किंमत येते ती या गुणांमुळे. त्याचा रापलेला रंग हा वरचा लाभ.

सुरतेची पारंपरिक घरे याच लाकडावर उभी राहिली. समोरची बाजू अरुंद, आत खोलवर जाणाऱ्या खोल्या, लाकडी सांगाड्यात भरलेल्या विटा, रस्त्यावर किंचित झुकलेला वरचा मजला, त्याला आधार देणारे कोरीव टेकू आणि पुढे बसण्याचा ओटला; गोव्याच्या सोप्याशी नाते सांगणारा. शहापोर भागातील चिंतामणी पार्श्वनाथ जैन मंदिरातील कोरीवकाम पाहिले की येथील सुतारांचा हात किती तयार होता, हे कळते. लाकडाचा धोकाही शहराने भोगला आहे. एप्रिल १८३७ मधील भीषण आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली आणि शहराचा मोठा भाग नव्याने उभारावा लागला.

तुकड्यांतून सौंदर्य

लहान तुकड्याला वाया जाऊ न देण्याची दृष्टी सुरतेच्या कारागिरीत फार पूर्वीपासून आहे. पारशी कारागिरांनी जोपासलेली 'सादेली' ही कला त्याचे उत्तम उदाहरण. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या, हाडाच्या, शिंगाच्या व धातूच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवून त्यांची जुडी करायची आणि ती आडवी कापून पातळ चकत्या काढायच्या. प्रत्येक चकतीवर तीच भौमितिक नक्षी उमटते. त्या चकत्या पेटीवर किंवा चौकटीवर बसवल्या जातात. पूर्वी यात हस्तिदंतही वापरला जाई. आज त्याच्या व्यापारावर बंदी आहे. साग आणि शिसवीचे उरलेले तुकडे घेऊन याच तत्त्वावर एखाद्या मेजाचा पृष्ठभाग सजवणे मात्र कोणत्याही कुशल सुताराला शक्य आहे.

दुसरे उदाहरण गुजरातभर गच्चीवर दिसते. फुटक्या पांढऱ्या फरशांचे तुकडे जलरोधक थरावर बसवून केलेले आवरण तेथे 'चायना मोझॅक' म्हणून ओळखले जाते. पांढरा चकचकीत पृष्ठभाग ऊन परतवतो आणि खालची खोली थंड राहते. तुकडे लहान असल्याने गोलाकार भागावरही सहज बसतात. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेतील आपल्या 'संगथ' या कार्यालयाच्या कमानदार छपरांवर आणि नंतर 'अमदावाद नी गुफा'च्या कासवाच्या पाठीसारख्या घुमटांवर हेच तंत्र वापरले. घरात न्हाणीघराची भिंत, स्वयंपाकघरातील ओट्यामागचा पट्टा किंवा अंगणातील बैठक यांसाठी ते स्वस्त आणि टिकाऊ आहे. एक पथ्य पाळावे : पायाखाली येणाऱ्या जागी तुकड्यांच्या कडा घासून बोथट कराव्यात आणि ओल्या जागी गुळगुळीत फरशीचे तुकडे वापरू नयेत.

कापडाच्या कातरणी

सुरत हे देशातील कृत्रिम धाग्यांच्या कापडाचे सर्वांत मोठे केंद्र. साडीच्या कडा, छपाईत बिघडलेले कापड, भरतकामानंतर उरलेल्या पट्ट्या अशा कातरणी तेथे मुबलक. या उद्योगाच्या आधाराने उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने वसली आहेत. त्यांच्यासोबत गोधडीची परंपराही आलेली आहे. जीर्ण साड्यांचे थर, त्यावर ठिगळांची मांडणी आणि बाहेरून आत चौकोनी फेऱ्यांत घातलेले धावदोऱ्याचे टाके : पुनर्वापराची याहून घरगुती रीत शोधूनही सापडणार नाही.

सजावटीसाठी कातरण निवडताना धाग्याची जात ओळखणे आवश्यक असते. सुती चिंध्या पाणी शोषतात. म्हणून पायपुसणी, चटया आणि पांघरुणे त्यांचीच करावीत. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, लवकर झिजत नाही आणि रंगही सोडत नाही; त्यामुळे विणलेली सतरंजी, उशीचे भरण, बाजेची विणलेली पट्टी किंवा भिंतीवरील लटकन यांसाठी ते योग्य. मात्र ते आगीत वितळते आणि वितळलेला थेंब त्वचेला चिकटतो. चुलीजवळ, शेगडीजवळ किंवा देवघरातील समईपाशी ते टांगू नये. दोन्हींतील फरक ओळखण्यासाठी एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धाग्याला जळत्या कागदासारखा वास येतो आणि भुरी राख उरते. पॉलिएस्टरचा कडक मणी होतो.

जहाजातून घरात

सुरतेसमोर, खंभातच्या आखातापलीकडे, भावनगर जिल्ह्यातील अलंगचा किनारा आहे. १९८३ पासून जगभरातील निवृत्त जहाजे तेथे तोडली जातात. जहाजातील खुर्च्या, कपाटे, पितळी दिवे, गोल खिडक्या, दोरखंड, भांडी असे सारे काही अलंगकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दुकानांतून विकले जाते. ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरतेजवळील हजिरा आणि घोघा यांच्यात वाहने नेणारी फेरीसेवा सुरू झाली. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर पडणारे अंतर समुद्रमार्गे ९० किलोमीटरवर आले आणि दक्षिण गुजरातच्या गिऱ्हाइकाला तो बाजार जवळचा झाला.

जहाजाचे लाकूड घरात वापरण्याची कल्पना नवी नाही. लंडनमधील 'लिबर्टी' या प्रसिद्ध दुकानाची १९२४ मधील इमारत 'इम्प्रेग्नेबल' आणि 'हिंदुस्तान' या दोन युद्धनौकांच्या लाकडातून उभारली आहे. समुद्रावर वापरायच्या वस्तू दणकट असतात, पितळ जाड असते, कपाटांच्या कड्या धक्क्याने उघडत नाहीत. लहान घराला त्या फार उपयोगी पडतात.

तरीही या बाजारात एक गंभीर धोका दडलेला आहे. जुन्या जहाजांच्या भिंती, छत आणि नळ यांना आग व उष्णता रोखण्यासाठी अॅस्बेस्टॉस वापरत. जहाजांवर त्याच्या नव्या वापरास २०११ पासून पूर्ण बंदी आली. परंतु आज तोडली जाणारी अनेक जहाजे त्याआधीची आहेत. अॅस्बेस्टॉसचा तक्ता कापला किंवा त्याला भोक पाडले की सूक्ष्म तंतू हवेत उडतात, फुफ्फुसांत रुततात आणि कित्येक वर्षांनी कर्करोगाचे कारण ठरू शकतात. म्हणून जहाजातील भिंतीचे व छताचे तक्ते, दारांच्या आतील भरण आणि नळावरचे पांढरे-करडे वेष्टन स्वस्तात मिळाले तरी घरी आणू नये. घन लाकूड, पितळ, काच आणि चिनी माती एवढ्यावर थांबलेले बरे.

विकत घेण्याआधीची तपासणी

जुने लाकूड पारखताना रंगाला भुलू नये. नखाएवढा भाग खरवडून आतला सोनेरी-तपकिरी रंग आणि सागाचा चामड्यासारखा वास तपासावा. वजनाने हलके आणि बोटाच्या दाबाने भुसभुशीत लागणारे लाकूड कुजलेले असते. भुंगेऱ्याची छिद्रे दिसली म्हणजे लाकूड टाकाऊच असे नव्हे. कीड अजून जिवंत आहे का, हे पाहावे लागते. लाकडाखाली काळा कागद पसरून दोन-तीन आठवडे ठेवावे. कागदावर ताजी भुकटी पडत राहिली तर कीड आत आहे. बोरॅक्स आणि बोरिक आम्ल गरम पाण्यात विरघळवून ते द्रावण लाकडाला दोन-तीनदा पाजावे आणि लाकूड सावलीत वाळवावे. लाकडावर आधी रंग किंवा रोगण असेल तर ते काढल्याशिवाय द्रावण आत शिरत नाही.

हा जुना रंग काढण्याच्या कामी सर्वाधिक सावधगिरी हवी. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या तेलरंगात शिसे भरपूर असू शकते. असा रंग कोरड्या काचकागदाने घासला की विषारी धूळ घरभर होते आणि तिचा सर्वांत वाईट परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो. रंग ओला करून खरवडावा, काम घराबाहेर करावे, चांगला मुखपट्टा लावावा, खरवड गोळा करून वेगळी बांधावी. पोपडे निघणारा जुना रंग 'कसा छान दिसतो' म्हणून तसाच ठेवण्याची रस्टिक शैलीत फॅशन आहे. लहान मूल असलेल्या घरात ही हौस टाळलेलीच बरी.

बंदरांतून मिळणाऱ्या मालवाहू लाकडी फळ्यांच्या चौकटी, म्हणजे पॅलेट, हे या शैलीचे आवडते साहित्य. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि त्यासोबत प्रक्रियेची अक्षरे छापलेली असतात. 'एचटी' म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले लाकूड. ते घरात चालते. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते घेऊ नये. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलाचे, रसायनाचे डाग असतील, तर तेही सोडून द्यावे.

करवतीखाली घालण्यापूर्वी प्रत्येक तुळईवर लोहचुंबक फिरवून आत रुतलेले खिळे शोधावेत. साफ केलेल्या लाकडाला अळशीच्या तेलाचे पातळ हात द्यावेत आणि जास्तीचे तेल लगेच पुसावे. आपल्या दमट हवेत जाड थर चिकट राहतो आणि त्यावर बुरशी धरते. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात. लोखंडी जाळ्या आणि कड्या तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइडचा हात द्यावा, अन्यथा समुद्रकाठच्या हवेत गंज थांबत नाही.

मांडणीतील संयम

चांगले साहित्य जमवूनही घर भंगाराच्या दुकानासारखे दिसू शकते. यावर उपाय म्हणजे एका खोलीत एकच जुनी वस्तू प्रमुख ठेवणे. साध्या चुन्याने रंगवलेल्या भिंतीसमोर जुने दार मेज म्हणून ठेवले की ते उठून दिसते. त्याच भिंतीवर विटा, जाळ्या, चाके आणि कंदील टांगले की कशाकडेच लक्ष जात नाही. वस्तूला प्रत्यक्ष काम दिलेले असावे. तुळईची फळी पुस्तके पेलते, जिन्याची पायरी बाक होते, तावदानाची खिडकी दोन खोल्यांमध्ये उजेड नेते. काम असलेली वस्तू रोज हाताळली जाते, पुसली जाते आणि टिकते.

नवी मुंबईतील बेलापूर येथे एस प्लस पीएस या वास्तुविशारद संस्थेने उभारलेले 'कोलाज हाऊस' या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. पाडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्या-दारे जोडून त्याच्या दर्शनी भागाचा एक कोपरा साकारला आहे. पावसाचे पाणी खाली आणणाऱ्या नळांसोबत धातूच्या उरलेल्या नळ्या बांबूसारख्या रचून एक भिंत केली आहे. आत मोडलेल्या घरातून आणलेले शंभर वर्षांचे खांब आहेत. जुन्याच्या या गर्दीला काँक्रीटची साधी, आधुनिक चौकट सावरून धरते. जुने आणि नवे यांचा समतोल साधला गेल्यामुळे ते घर संग्रहालय वाटत नाही.

मागणी कुणाचे घर पाडते?

येथवर सारे फायद्याचेच दिसते. पण जुन्या कोरीव दाराची किंमत वाढत गेली की उभ्या घराच्या मालकासमोर वेगळाच हिशेब मांडला जातो. दुरुस्तीला खर्च आहे, वाटेकरी अनेक आहेत आणि दलाल दारासाठी रोख पैसे द्यायला तयार आहे. अशा वेळी घर आधी मोडले जाते आणि मग त्याचे 'पुनर्वापरा'चे साहित्य बनते. ज्या सजावटीने जुन्याची कदर करायची, तीच जुन्याच्या नाशाला निमित्त होते. कोरीव टेकू दिवाणखान्यात टांगला की तो सुंदर दिसतो. मात्र तो ज्या मजल्याला आधार देत होता, तो मजला आता नसतो.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलासंपदा कायद्यात शंभर वर्षांपूर्वीच्या शिल्प, चित्र आदी वस्तूंबरोबरच इमारतीतून वेगळी काढलेली वस्तूही 'पुरातन वस्तू'च्या व्याख्येत येते. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. विदेशातील नातलगांसाठी कोरीव खांब किंवा दार नेऊ पाहणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

गोव्याला हा प्रश्न परका नाही. कालव्याच्या पातळ शिंपल्यांची तावदाने असलेल्या खिडक्या, मंगळूरी कौले, जांभ्याचे चिरे, घडीव कठडे हे सारे येथेही घरांतून निघून बाजारात येते. बाणावलीच्या 'गोवा चित्र' संग्रहालयाने मोडीत निघालेल्या जुन्या घरांतील आणि शेतीतील सामान जपून त्याला नवे छप्पर दिले. तोर्ड्याच्या 'हाउसेस ऑफ गोवा' संग्रहालयात गोमंतकीय घराची घडण उलगडून दाखवली आहे. सजावटीसाठी खरेदीला निघण्यापूर्वी या दोन्ही ठिकाणी एक दिवस घालवला, तर कोणती वस्तू घरात कुठे आणि का होती, याची जाण येते.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याला काही साधे प्रश्न विचारता येतात. ही वस्तू कोणत्या गावातून आली? ते घर आधीच पडले होते की या सौद्यासाठी पाडले गेले? जोडीची दुसरी झडप कुठे आहे? सरळ उत्तर देणारा विक्रेता सापडला तर त्याच्याकडे पुन्हा जावे. उत्तर टाळले गेले तर कोरीवकामाचा मोह आवरावा आणि साधी तुळई, फुटकी फरशी, सुती चिंधी किंवा शिक्क्याची पॅलेट यांकडे वळावे. यांच्यासाठी कुणी घर पाडत नाही.

आपले स्वतःचेच घर जुने असेल, तर पहिले काम आणखी सोपे आहे. माळ्यावर पडलेली झडप खाली काढावी, बिजागरीला तेल घालावे आणि ती जिथली आहे तिथेच पुन्हा बसवून पाहावी. पुष्कळदा ती बसते.